अण्णांच्या नावानं

"टिकली लावा, आक्का. अर्धाच तास," दीपमाला म्हणाली आणि टिकल्यांचं पाकीट तिनं अंजनाच्या मांडीवर ठेवलं.

सयाजीरावांना जाऊन नववा दिवस होता. अंजनानं आधी पाकिटाकडं पाहिलं, मग जावेकडं. एका घरात सव्वीस वर्षं काढून या दोघींचं एकदाही एकमत झालं नव्हतं, अगदी आमटीत गूळ घालायचा की नाही इथपासून. पण दीपमाला इतकं खुळ्यासारखं कधी बोलली नव्हती.

"पुसल्यालं कपाळ परत रंगवू म्हंतीस?"

"माझ्यासाठी न्हवं. क्रांतीसाठी. दुसरी कुणी पोर असती तर पाठीवरनं हात फिरवत, आडवंतिडवं बोलत हळूहळू सांगितलं असतं. हिला तसं सांगाय येतंय का? ही बघती, आणि बघितलं की हिला कळतंय. दारात पाऊल टाकलं की पैलं तुमचं कपाळ दिसणार. एक घास तरी पोटात जाऊ द्या तिच्या."

म्हणणं खुळं होतं, पण खोटं नव्हतं.

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी सयाजीराव मोटर चालू करायला मळ्यात गेले आणि पेटीपाशीच बसले ते बसलेच. तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, रोज पाच किलोमीटर चालणारा माणूस; डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरात रडारड सुरू असतानाच धाकट्या दिरानं, जयराजनं, निर्णय घेऊन टाकला. क्रांतीला कळवायचं नाही. सांगलीला तिच्या एमबीएचं शेवटचं सादरीकरण पुढच्या गुरुवारी होतं. बाहेरचे परीक्षक येणार होते. आत्ता कळवलं तर पोरीचं वर्ष जाईल, आणि दादाचा जीव त्या वर्षातच अडकला होता. बसलेल्या चार माणसांनी माना हलवल्या. अंजनानंही हलवली.

त्या मान हलवण्याची लाज आता तिला सुखानं बसू देत नव्हती. पोरीला बापाचं तोंड दाखवलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे हे जमलं कसं, तर पोरीला ऐकू येत नाही म्हणून जमलं. कान धड असलेल्या कुठल्याही लेकीनं दुसऱ्या दिवशी म्हटलं असतं, अण्णांना फोन द्या. क्रांती ते म्हणू शकत नव्हती. नवव्या वर्षी तापात कान गेल्यापासून फोनवरचं बोलणं तिच्या उपयोगाचं नव्हतं. बापलेकीचं सगळं रात्री नऊ वाजता मेसेजवर चालायचं. गुरुवारी रात्रीही बरोबर नऊ वाजता सयाजीरावांचा फोन थरथरला होता. 'अण्णा, जेवलात का?' सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि थोरल्या लेकानं, शंभूराजनं, फोन उचलून लिहिलं होतं, 'हो. तू?'

"फसवायला सोपी पडली म्हणून फसवली तिला," अंजना म्हणाली. "आता आणि कपाळानं फसवू? उचल ते पाकीट."

दीपमालानं पाकीट उचललं. पण ती उठली नाही, तिथंच जावेच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली.

*

शंभूराज सकाळपासून काकांना गाठायला बघत होता आणि काका काही सापडत नव्हते. नऊ दिवस नाना, म्हणजे जयराज, भिंगरीसारखे फिरत होते. सावडण्याची तयारी त्यांनी केली, मंडपवाला त्यांनी ठरवला, गावच्या फाट्यावर फ्लेक्स त्यांनीच लावून घेतला. भावाच्या जाण्यावर त्यांना दुसरा उपाय सापडला नव्हता. आता ते कोरेगाव स्टेशनवर क्रांतीला आणायला निघाले होते आणि गाडीची किल्ली शोधत होते.

"नाना, थांबा. एक सांगायचं राहिलंय."

"आल्यावर सांग. गाडीची येळ झाली."

"आल्यावर उपयोग न्हाई."

त्याचा आवाज ऐकून आतल्या दोघी जावाही उंबऱ्यापर्यंत आल्या. शंभूराजनं खिशातून अण्णांचा फोन काढला. आठ दिवस तो हा फोन उशाला घेऊन झोपत होता. 'जेवलीस का', 'औषध घे', 'लवकर झोप' एवढंच लिहायचं असं नानांनी बजावलं होतं आणि तेवढंच त्यानं लिहिलं होतं. मंगळवारपर्यंत.

"मंगळवारी तिनं इचारलं," तो म्हणाला आणि त्यानं वाचून दाखवलं. "'अण्णा, गुरुवारी बोलायच्या आधी सगळ्यांना सांगू का, मला ऐकू येत नाही ते? परीक्षक पाचजण आहेत, सगळे एकदम विचारतात. तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार.'"

"मग? तू न्हाई म्हणालास न्हवं?"

"मी लिवलं, 'सांग. बिनधास्त सांग.'"

जयराजच्या हातात किल्ली होती ती तशीच राहिली. त्याला पहिल्यांदा राग आला, आणि तो राग भावाच्या बाजूचा होता. सयाजीरावांचे स्वतःचे कान तोफांनी नेले होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि घराबाहेर कुणालाच नाही. कान गेले असं कागदावर आलं असतं तर बढती गेली असती. म्हणून दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टर काय विचारतो, कुठल्या क्रमानं विचारतो, हे पाठ करून सुभेदार पास होत राहिले. लेकीचे कान गेल्यावर त्यांनी तिला तेच शिकवलं. ओठ वाच. पुढच्या बाकावर बस. कानाचं मशीन केसांखाली. कुणाला कळू द्यायचं नाही. तिला ओठ दिसावेत म्हणून त्यांनी स्वतःची पिळदार मिशी काढून टाकली, तेव्हा पारावर लोक महिनाभर हसत होते. पण कॉलेजच्या अर्जात अपंगत्वाच्या रकान्यापुढं 'नाही' असंच लिहिलं गेलं, दाखला कधी काढलाच नाही.

"दादानं जल्मभर झाकलं ते तू दोन शब्दांत उघडं केलंस," जयराज म्हणाला. "घरात अजून लग्नं व्हायची हायती. लोक म्हणत्याल घराण्यातच हाय."

"म्हणू द्या की," दीपमाला म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. नवऱ्याच्या विरुद्ध तोंड उघडायची तिची पद्धत नव्हती. "दोन वर्षं पोरगी सुट्टीला आली की निस्ती झोपायची. डोळ्यांनी ऐकून ऐकून डोकं उठतं म्हणायची. कुणाला दिसलं न्हाई ते? शंभू, बरं केलंस तू."

"बरं केलं का वाईट ते पुढचं," शंभूराज म्हणाला. "तिनं काल सगळ्यांम्होरं सांगितलं. नंतर मला... अण्णांना अकरा मेसेज केलेत. मंगळवारनंतर मी काय बी लिवलं न्हाई. 'तुम्ही हो म्हणालात म्हणून धीर झाला.' येताना तेच डोक्यात घिऊन येती ती. तिला काय सांगू?"

मग जयराजनंच वाट काढली. वाट काढल्याशिवाय त्याला राहवायचंच नाही. "दादा मंगळवारी राती गेला म्हणून सांगायचं. तिला मेसेज करून झोपला आणि गेला."

"आन् उद्या दहावं कसं?"

"दिवस कमी केलं म्हणायचं. आता लोक पाचव्या दिवशी बी उरकत्यात."

शंभूराजला वाटलं, आई उसळून उठेल. सकाळीच तिनं टिकली लावायला नाही म्हटलं होतं. पण अंजना खाली बसली, पदर तोंडाला लावून तिनं बराच वेळ विचार केला, आणि म्हणाली, "तसंच सांगू."

"आई!"

"बाप गेला तिचा. त्याचा हो तरी राहू दे तिच्याजवळ. शंभू, तिच्या सोबतीनीला बी सांगून ठेव."

सांगलीतली सोबतीण सोनम हिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं, शंभूराजनंच फोन करून सांगितलं होतं. आठ दिवस ती बिचारी क्रांतीसमोर हसत होती. तो आता तिला काहीच सांगणार नव्हता.

*

आगगाडी रहिमतपूर सोडून पुढं आली तेव्हापासून क्रांती दारात उभी होती. मंगळवारनंतर त्यांचा मेसेज नव्हता, पण अण्णा स्टेशनवर येतील असं तिला वाटत होतं. नाना दिसले तेव्हा जराशी निराशा झाली, कारण नानांचं बोलणं तिला कधीच कळायचं नाही. त्यांची मिशी वरच्या ओठावर पडदा टाकल्यासारखी होती. तिनं विचारलं, "अण्णा?" नानांनी काहीतरी सांगून मोटरसायकलला किक मारली. ती मागं बसली.

तिला आत्ता कुणाशी तरी बोलायचं होतं आणि समोर नुसती पाठ होती. काल सकाळी ती पाच परीक्षकांपुढं उभी राहून म्हणाली होती, "मला ऐकू येत नाही. प्रश्न लिहून द्याल का?" वर्ग स्तब्ध झाला ते तिला दिसलं. मग बाहेरून आलेल्या बाईंनी खुर्ची पुढं ओढली, कागद घेतला आणि पहिला प्रश्न लिहिला. सांगलीच्या हळदीच्या बाजारावरचं तिचं काम होतं. पूर्वी तिथं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, असं एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं तिला सांगितलं होतं, तेव्हा तिला आपला जन्म जरा उशिराच झाला असं वाटलं होतं. ती पाऊण तास बोलली. एकही प्रश्न चुकला नाही.

दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गटचर्चेत सहाजण एकदम बोलत आणि ती शेवटच्या बोलणाऱ्याचा चेहरा शोधेपर्यंत विषय पुढं गेलेला असे. सर फळ्याकडं तोंड करून शिकवत. नोकरीच्या मुलाखतीची पहिली फेरी फोनवर होती, तो फोन तिनं उचललाच नाही. पाठीमागून हाक मारली तरी वळत नाही म्हणून वर्गात तिला 'महाराणी' म्हणत, हे तिला काल कळलं. म्हणणारा मुलगाच येऊन मान खाली घालून सांगून गेला. मान खाली घातल्यामुळं त्याला ते दोनदा सांगावं लागलं. विभागप्रमुखांनी लिहून विचारलं होतं, 'आधी का नाही सांगितलंस?' तिला लिहावंसं वाटलं होतं, वडिलांनी परवानगी परवा दिली.

फाट्यावर गाडी वळताना तिला अण्णा दिसले. फ्लेक्सवर, पूर्ण गणवेशात, छातीवर पदकं. माजी सैनिकांचा सत्कार असावा, आणि मला सांगितलं कसं नाही, असं तिच्या मनात आलं. मग गाडी जरा पुढं गेली आणि वरच्या ओळीवर पडलेली झाडाची सावली बाजूला झाली. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली वार होता. गुरुवार. मागच्या आठवड्यातली तारीख होती. त्याखाली, दशक्रिया शनिवारी.

तिनं नानांच्या पाठीत बुक्की मारली. गाडी थांबली. नानांनी तिच्या नजरेचा माग घेतला आणि स्वतःच लावून घेतलेला फ्लेक्स त्यांना दिसला. मंगळवार ठरवणारा, दिवस कमी करणारा, सगळ्यांना पढवणारा माणूस हा फ्लेक्स साफ विसरला होता. ते गाडीवरून उतरले आणि रस्त्याच्या कडेला मातीतच बसले.

"गुरुवारी?" क्रांतीनं विचारलं.

नानांनी मान हलवली. ते बोलायला लागले, बरंच बोलले, मिशी हलत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिला एक शब्द कळत नव्हता. तिनं आपला फोन त्यांच्या हातात दिला. "लिहा."

नानांना मेसेज लिहायची सवय नव्हती. एका बोटानं, फार वेळ लावून त्यांनी लिहिलं, 'चुकलं'.

तिनं फोन परत घेतला आणि अण्णांचे मेसेज उघडले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. जेवलीस का. औषध घे. मंगळवार. सांग, बिनधास्त सांग. ती तिथं थांबली.

"हे कुणी लिहिलं?"

फोन पुन्हा नानांकडं गेला. 'शंभू'.

*

घरात शिरल्यावर तिनं आईकडं पाहिलं, आणि आई जशी होती तशीच तिच्यापुढं आली. दोघी एकमेकींना धरून खाली बसल्या. दीपमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उभीच राहिली. जयराज दारातूनच म्हणाला, "तिला समदं कळलंय. काय बी सांगू नगा." तो आत आला नाही.

बऱ्याच वेळानं क्रांतीनं डोळे पुसले आणि भावाला समोर बसवलं, उजेड त्याच्या तोंडावर पडेल असं.

"सोनमला माहीत होतं?"

"व्हय."

"सगळ्यांनाच." ती जरा मोठ्यानं बोलत होती, आवाज किती चढलाय याचा तिला अंदाज राहिला नव्हता. "मला तोंड बघायला मिळालं नाही ते एक असू दे. तुम्ही परीक्षेसाठी केलंत. पण मी त्यांना विचारलं होतं रे, दादा. तुला नाही. त्यांना. तेरा वर्षं त्यांनी मला नाही म्हटलं, आणि एकदा हो म्हणाले. मी रात्रभर झोपले नाही आनंदानं."

शंभूराज म्हणाला, "मला वाटलं... ते म्हणाले असते."

"खरं वाटलं?"

तो मान हलवू शकला असता. आई मागून हात जोडून खुणावत होती, व्हय म्हण. त्यानं आईकडं पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई. ते न्हाईच म्हणाले असते."

"त्यांचा स्वतःचा शेवटचा मेसेज कुठला?"

त्यानं अण्णांचा फोन काढला आणि बोटानं मेसेज वर सरकवत गेला. आपले खोटे शब्द एकेक करून मागं पडताना बघत गेला. बुधवारच्या रात्रीवर येऊन थांबला आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं त्या दिवशी लिहिलं होतं की पुढच्या गुरुवारची फार भीती वाटते. खाली अण्णांचं उत्तर होतं. 'भ्यायचं नाही. केस मोकळे ठेव, मशीन दिसणार नाही. कुणाला कळू द्यायचं नाही. तुला जमतंय.'

क्रांतीनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे मी त्यांचा शब्द मोडला." आणि तिनं पाणीही घेतलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी घाटावर सगळं व्यवस्थित झालं. शंभूराजनं डोकं आणि मिशी उतरवली. पिंड मांडले. आणि कावळे शेजारच्या उंबरावर बसून राहिले. पाच-सहा होते, पण खाली कुणी येईना.

गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय म्हणून माणसं एकेक करून पुढं आली. शंभूराजनं आईला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. जयराजनं हात जोडून सांगितलं, मळा एकच ठेवीन, वाटणी मागणार नाही. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. भावकीतला म्हातारा बिराप्पा म्हणाला, "पोरीचं काय राहिलंय का बघा."

अंजना उठली. ती क्रांतीसमोर येऊन उभी राहिली, तोंड तिच्याकडं करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "क्रांते, त्यास्नी म्हण, पुन्यांदा कुणाला सांगणार न्हाई. तेवढंच राहिलं असंल त्यांचं. म्हण बाळा. मोकळं होऊ दे त्यास्नी."

"वैनी, नगा," जयराज म्हणाला. काल मातीत बसल्यापासून तो क्रांतीच्या बाजूचा झाला होता. "पोरीला नगा अडवू."

"माझा नवरा हाय त्यो," अंजना म्हणाली. "त्याला तसाच ठेवू?"

क्रांतीनं आईचा चेहरा पाहिला. हे मागणं आई रागानं मागत नव्हती, हे तिला दिसत होतं. चार शब्द म्हणायचे होते. घाटावर म्हटलेलं सांगलीत कुणाला कळणार होतं? दोन वर्षं ती हसून मान हलवत आली होती, न कळलेल्या हजार गोष्टींना हो म्हणाली होती. आणखी एक.

ती पिंडापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"अण्णा, मी सांगितलं," ती म्हणाली. आवाज साऱ्या घाटावर गेला. "तुम्ही सांग म्हणाला नव्हता. मला वाटलं म्हणालात. पण सांगितल्यावर मला बरं वाटलं. तुम्हाला सगळं आयुष्य किती जड गेलं असेल ते मला काल कळलं. मी परत नाही झाकणार. दाखला काढणार आहे. तुम्ही रागावलात तरी काढणार."

मग ती बाजूला झाली आणि सगळे उंबराकडं बघत बसले.

बारा वाजून गेले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. बायका उठल्या, भांडी गोळा व्हायला लागली. अंजना लेकीकडं न बघता पायऱ्या चढून गेली, आणि दीपमाला तिच्या मागं गेली. जयराज पिंडांकडं बघत, मिशीआड काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाले नाना?" क्रांतीनं विचारलं.

घरात या प्रश्नाला तेरा वर्षं एकच उत्तर होतं, काही नाही, नंतर सांगतो. शंभूराज तिच्यापुढं येऊन उभा राहिला आणि नानांचं बोलणं त्यानं एक शब्द न गाळता तिला सांगितलं.

"म्हणाले, दादा ऐकायचा न्हाई. आन् पोरगी बी ऐकायची न्हाई. रक्त त्याचंच हाय."

क्रांती तिथंच घाटाच्या पायरीवर बसली, आणि बाप गेल्याच्या दहाव्या दिवशी, सगळी माणसं निघून जात असताना, मोठ्यानं रडली.